बिबाच उतला असणार

७ जून

आजपासून रोज वही लिहायची. एक दिवसही चुकवायचा नाही. सातवी पास आहे, अक्षर चांगलं आहे, आणि जंगलात तेंदूपत्त्याच्या फळीवर, म्हणजे पानं गोळा करायच्या तळावर, मुन्शी म्हणून अठ्ठावीस उन्हाळे लिहिण्यातच गेले. फळीवरची वही ठेकेदारासाठी असते. ही माझ्यासाठी.

कारण असं की तब्येतीत एक बारीक बदल आढळला आहे. सहासष्टाव्या वर्षी माणसानं तब्येतीवर लक्ष ठेवावं. बदल कुठं आहे ते लिहायची गरज नाही. मला माहीत आहे.

८ जून, सकाळ

लिहितोच. लघवीच्या जागी, पुढच्या टोकाला, एक पुळी. तुरीच्या डाळीएवढी. मधून सोलल्यासारखी, कडा टणक. दुखत नाही. खाजत नाही. दुखत नाही ही चांगली खूण आहे. वाईट गोष्टी दुखतात.

८ जून, दुपार

कारण सापडलं. बिबा. टाचांच्या भेगांना मी बिब्याचं तेल लावतो. बिब्याचा हात चेहऱ्याला लागला तर चेहरा उततो, तसाच तो हात न धुता मोरीत गेलो असणार. साधी गोष्ट. डॉक्टर असता तर पन्नास रुपये घेऊन त्यानं हेच सांगितलं असतं.

उपाय: खोबरेल तेल आणि वाटलेले तीळ. दिवसातून दोन वेळा. आठ दिवसांत फरक.

९ जून

अंजनाने विचारलं की, तिळाची वाटी घेऊन मोरीत काऊन जाता? मी म्हणालो, बिबा उतला. ती म्हणाली, कुठी उतला? मी म्हणालो, पायाला. ती म्हणाली, मुन्शीजी, पाय तर बाहेर बसूनही दिसते.

लग्नाला त्रेचाळीस वर्षं झाली. रागावली की ती मला मुन्शीजी म्हणते. आणि मी फळीवरून आल्यापासून जास्तच म्हणते.

१२ जून

अंजनाने आज झिंगे केले. जेवताना हसली. मी फळीवरून आणलेल्या चारोळीचंही तिनं कौतुक केलं. बऱ्याच वर्षांनी घरातलं वातावरण चांगलं. खूपच चांगलं. पुळी दुखत नसल्यामुळे काही अडलं नाही.

पुढचं लिहीत नाही.

१४ जून

मनाशी एक गोष्ट स्पष्ट केलेली बरी, म्हणजे पुढं टेन्शन नाही. या पुळीचा आणि सिरोंचाकडच्या फळीचा काही संबंध नाही. मे महिन्यात तिथं नीलाबाई नावाची बाई आमचा स्वयंपाक करत होती. विधवा, पन्नाशीची, तेलुगू बोलणारी, चिंच घालून मासे फार चांगले करते. मी वहीचं काम आटोपून तिच्या चुलीजवळ बसत असे. दोन समजूतदार माणसं. घडलं ते वयाला शोभेल इतक्याच शांतपणे घडलं. त्यात रोगराईचा प्रश्नच नाही. बाई रोज अंघोळ करते.

१९ जून

सिरोंचाहून नीलाबाईचा फोन. नंबर मी 'खत दुकान' नावानं सेव्ह केला आहे. अंजना समोर होती. उचलला नाही.

२१ जून

पुन्हा खत दुकान. तीन वेळा. अंजना म्हणाली, आतापासून खत घेऊन काय करता, अजून वावरात नांगर नाई. मी म्हणालो, स्कीम आहे.

नीलाबाईचं मन माझ्यात गुंतलेलं दिसतं. मला वाईट वाटतं, पण माणसानं खंबीर असावं. गावाच्या तंटामुक्ती समितीचा मी अध्यक्ष आहे. लोकांची नवरा-बायकोची भांडणं माझ्यासमोर मिटतात. असल्या माणसाला फोन उचलून चालत नाही.

२६ जून

पुळी आहे तशीच. जांघेत दोन गाठी, लिंबोळीएवढ्या. दाबल्यावर सरकतात. उन्हात चालल्यामुळे.

आज मूल या तालुक्याच्या गावच्या फाट्यावर जहीरच्या पंक्चरच्या दुकानात बसलो. जहीर पंचवीस वर्षं ट्रकवर होता, नागपूर ते विजयवाडा. जग पाहिलेला माणूस. मी त्याला दुसऱ्या फळीवरच्या एका मुन्शीबद्दल विचारलं. असं-असं झालं, बिबा असेल का?

तो ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे पाहत होता. मान वर न करता म्हणाला, हरीभाऊ, बिबा उतला तर माणूस नाचते. तुमचा तो मुन्शी नाचून राह्यला का? मी म्हणालो, नाही, तो आरामात आहे. तर म्हणे, मग बिबा नाई. दुखणारी पुळी बरी, ते माणसाले दवाखान्यात तरी नेते. हे न दुखणारी लई हरामी. चूप बसते आणि आत घर करते. आमी ड्रायव्हर लोक सहा महिन्यानं सरकारी दवाखान्यात रक्त देत होतो. फुकट. अर्ध्या तासात रिपोर्ट. सांगा त्या मुन्शीले.

सांगतो म्हणालो.

मग म्हणाला, आणि त्या मुन्शीले म्हणा, बसाले जरा नीट बस, दर दोन मिनिटानं पायजमा काऊन सरकवते.

जहीरचं बोलणं नेहमीच जरा हलकं असतं. ड्रायव्हर माणूस.

२८ जून

मूलच्या आठवडी बाजारात जडीबुटीवाल्याचा तंबू. बाहेर पाटी: जवानीतल्या चुकांवर खात्रीशीर इलाज. पाच मिनिटं पाटीसमोर उभा राहिलो. पाटी मला लागू होत नाही. मी सहासष्ट वर्षांचा आहे. वाचून शांत वाटलं.

तरी आत गेलो, सहज. त्यानं नाडी पाहिली आणि म्हणाला, गर्मी आहे. मलाही तेच वाटत होतं. काळी पूड दिली. दह्यातून घ्यायची.

२९ जून ते ३ जुलै

जुलाब. वही लिहिता आली नाही. पूड कामाला लागल्याची खूण.

८ जुलै

विजय! पुळी गेली. चट्टासुद्धा नाही. आरशात पाहिलं, उजेडात पाहिलं, चष्मा लावून पाहिलं. साफ.

एक: मी बरोबर होतो. दोन: जहीर चूक होता. तीन: तीळ आणि खोबरेल यांना तोड नाही.

दवाखान्यात गेलो असतो तर रक्त काढलं असतं, नाव लिहिलं असतं, मूलमध्ये चार ओळखीचे भेटले असते. अध्यक्षपद गेलं असतं. स्वतःच्या डोक्यानं चालण्याचे फायदे.

९ जुलै

खत दुकान. दोन वेळा. नंबर ब्लॉक केला. नीलाबाई, मला विसरा.

२७ जुलै

धानाची रोवणी चालू. गावात सगळे चिखलात. मीही दोन दिवस बांधावर उभा राहून देखरेख केली. थकवा. अंग मोडून येतं. घसा खवखवतो. रात्री थोडा ताप. डोक्याचे केस कंगव्यात येतात, पण ते वयाप्रमाणे.

५ ऑगस्ट

हातांच्या तळव्यांवर तांबूस ठिपके. मोहरी उधळल्यासारखे. तळपायांवरही. खाजत नाहीत.

कारण: रोवणीचा चिखल आणि युरिया. बांधावर उभा होतो हे खरं, पण चिखल उडतो.

उपाय: तीळ, खोबरेल.

९ ऑगस्ट

ठिपके वाढले. पाठीवर आणि पोटावरही. चिखल पाठीवर कसा उडाला याचा विचार करतो आहे.

१३ ऑगस्ट

गावची आशा सेविका दीपिका घरी आली. म्हणाली, बाबाजी, पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत मले गुप्तरोगावर माहिती द्याची आहे. लोक लाजते. तुमी अध्यक्ष माणूस, तुमी सुरुवातीले दोन शब्द बोलले तर ऐकतीन.

मी लगेच हो म्हणालो. असले विषय मोकळेपणानं बोलणारा गावात माझ्याशिवाय कोण आहे?

भाषणाचे मुद्दे: लाज सोडा. अंधश्रद्धा सोडा. तपासणी करा. तंबूवाल्याकडे जाऊ नका.

१५ ऑगस्ट, संध्याकाळ

भाषण फार चांगलं झालं. एक वाक्य तर आपोआप सुचलं: लाज हे रोगाचं माहेर आहे. टाळ्या पडल्या. मी दोन्ही हात मागं बांधून बोललो, त्यामुळे भारदस्त दिसलो असणार.

मग दीपिकानं चित्रांचा तक्ता काढला. म्हणाली, बाबाजी, जरा धरा ना, वारा आहे. सगळ्या गावासमोर नाही कसं म्हणणार? धरला. ती छडीनं दाखवत गेली. पहिलं चित्र पुळीचं. म्हणाली, हे दुखत नाई, आपोआप जाते, आणि मंग माणूस समजते आपण बरे झालो. रोग मात्र रक्तात राह्यते. दुसरं चित्र: दोन तळहात, त्यावर तांबूस ठिपके. खाजत नाई, म्हणाली.

तक्त्यावर हात. तक्ता धरायला माझे हात. अंगठे पुढं, पण वाऱ्यानं तक्ता उलटायला लागला म्हणून मला खालची कड बोटांनी मागून दाबून धरावी लागली, तळवे लोकांकडे.

पहिल्या रांगेतल्या बाया चित्राकडे पाहत, मग थोडं खाली पाहत, मग पुन्हा चित्राकडे. एक म्हातारी शेजारणीला म्हणाली, चित्र किती मोठं आहे वो, खालपर्यंत आलं.

अंजना तिसऱ्या रांगेत होती. तिनं फक्त पदर सारखा केला.

कार्यक्रमानंतर दीपिका हळूच म्हणाली, बाबाजी, हात दाखवा. मी म्हणालो, युरिया. ती म्हणाली, बाबाजी, युरिया पाठीतून निघत नाई. मूलच्या दवाखान्यात उद्याच या, मी सोबत येतो. कोणी काही विचारणार नाई.

मी म्हणालो, बघू.

शर्टाची पाठ घामानं चिकटली होती. तिला पाठ कशी दिसली ते कळलं.

१६ ऑगस्ट

निर्णय. तपासणी करायची. पण मूलमध्ये नाही. मूलमध्ये कुत्रीसुद्धा मला ओळखतात. ब्रह्मपुरीला जायचं. तिथं आपलं कोणी नाही. नाव दुसरं सांगायचं. प्लॅन पक्का. अंजनाला सांगितलं, धानाच्या बियाण्याच्या कामाला जातो. ती म्हणाली, रोवणी झाल्यावर? मी म्हणालो, पुढच्या वर्षाचं.

१८ ऑगस्ट, संध्याकाळ

सविस्तर लिहितो. पुढं कोणी विचारलं तर नोंद असावी. कोणी विचारणार नाही, तरी.

सरकारी दवाखान्यात समुपदेशनाची खोली कोपऱ्यात आहे. आत नंदिनी मॅडम. माझ्या मुलीच्या वयाची. मी दार लावून घेतलं, मग उघडून बाहेर पाहिलं, मग पुन्हा लावलं. ती म्हणाली, बाबाजी, बसा, दार पळून जात नाही.

नाव विचारलं. मी म्हणालो, जहीर. तेच तोंडात आलं. ती म्हणाली, नाव काहीही सांगा, रक्त तुमचंच निघणार आहे. मग बाही वर करायला लावली. बाही वर केली आणि आठवलं. अठराव्या वर्षी बैलांच्या शर्यतीच्या, शंकरपटाच्या जत्रेत गोंदवून घेतलं होतं. हिरव्या अक्षरात, कोपरापासून मनगटापर्यंत: हरिदास उंदीरवाडे.

मॅडमनं ते वाचलं. रबर बांधलं. मग म्हणाली, जहीरभाऊ, मूठ आवळा.

अर्ध्या तासात रिपोर्ट. एचआयव्ही नाही. पण दुसऱ्या तपासणीत निघालं. रोगाचं नाव सिफिलीस. मी बिब्याचं, मग रोवणीच्या चिखलाचं आणि युरियाचं सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं. शेवटी म्हणाली, बाबाजी, बिब्यानं हे होत नाही. बसच्या सीटनं होत नाही, मोरीनं होत नाही, युरियानं होत नाही. संबंधानं होते. लवकर आले ते चांगलं झालं. मी म्हणालो, जूनपासून आहे. ती म्हणाली, मग लवकर नाही आले.

इलाज सोपा आहे. पेनिसिलीन. आधी हातावर छोटी सुई देऊन पाहतात, सोसतं का ते, मग दोन मोठ्या. दोन्हीकडे एक-एक. एवढ्यासाठी मी अडीच महिने तीळ वाटले.

मग मॅडमनं विचारलं, अजून कोणाशी संबंध? मी म्हणालो, फक्त पत्नी. ती पेन खाली ठेवून थांबली. ती थांबणं मला सहन झालं नाही. नीलाबाईचं सांगितलं. ती म्हणाली, त्यांना कळवायला हवं, त्याही इलाज घेतील, इथूनच फोन लावा.

ब्लॉक काढला. लावला. नीलाबाईनं पहिल्याच रिंगला उचलला. म्हणाली, मुन्शीजी, फोन काऊन नाई उठाते जी? मैं जून में सुई ले ली. दवाखानेवाली बाई बोली, जिसके साथ रहे उसको बताना. इसलिए तो कर रही थी. नौ बार की.

मी हळूच विचारलं, आणि दुसरं काही नाही?

ती म्हणाली, दूसरा क्या?

मॅडम खिडकीकडे पाहत होती. मला वाटतं हसू दाबत होती. किंवा नसेल.

मग खरी गोष्ट. ती म्हणाली, घरच्या बाईंना आणा. त्यांचीही तपासणी, त्यांचाही इलाज. तोवर संबंध नाही. उशीर करू नका, बायांमध्ये कधी काहीच खूण दिसत नाही. मी म्हणालो, शुगरची तपासणी म्हणून आणतो, तुम्ही गुपचूप हेपण बघा. मॅडमचा चेहरा पहिल्यांदा बदलला. म्हणाली, कशाची तपासणी आहे ते न सांगता मी कोणाचं रक्त घेत नाही. त्यांना खरं कारण तुम्हीच सांगा, बाबाजी. चिखल तुम्ही उडवला, युरियानं नाही.

उद्या सांगतो म्हणालो. नक्की.

बसमध्ये सीट रिकामी होती, पण मी नागभीडपर्यंत उभा आलो.

१९ ऑगस्ट

आज सांगायचं होतं. रात्री ताप आला, मॅडमनं सांगितलंच होतं एक दिवस येतो. तापलेल्या माणसानं महत्त्वाचं बोलू नये.

२० ऑगस्ट

अंजना सकाळीच दीपिकासोबत मूलला गेली. बाजार म्हणाली. संध्याकाळी आली. पिशवीत फक्त कांदे. एवढ्या मोठ्या बाजारातून नुसते कांदे. बायांना वेळेची किंमत नाही.

सांगायचं होतं, पण ती दमली होती.

२१ ऑगस्ट

मी अजून डावीकडे कलून बसतो. सुई मोठी होती. अंजनाला संशय येऊ नये म्हणून टीव्हीसमोर खाटेवर उशीला टेकून ऐटीत आडवा बसलो. तीही आज उजवीकडे कलून बसली होती. गुडघे दुखत असतील. वय झालं. तिनं चालायला पाहिजे, मी सांगणार आहे.

दोघंही असेच वाकडे बसून बातम्या पाहिल्या. तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं. मी बातम्या पाहिल्या.

२३ ऑगस्ट

तयारी केली. वाक्यं लिहून काढली. 'अंजना, माणसाच्या आयुष्यात कधी कधी.' इथपर्यंत चांगलं आहे.

ठिपके मावळायला लागले. सुईनंतर तीळ लावले नव्हते.

२४ ऑगस्ट

वर्षावास चालू आहे, रोज संध्याकाळी विहारात ग्रंथवाचन. आज अध्यक्ष म्हणून मीच सगळ्यांना पंचशील म्हणवलं. पहिली दोन शीलं खणखणीत. तिसऱ्याला, व्यभिचार करणार नाही म्हणताना, खोकला आला. चौथ्यालाही आला. खोटं बोलणार नाही, हे नुसत्या बायांनी म्हटलं. त्यांच्यात अंजनाचा आवाज सगळ्यात स्पष्ट होता.

घरी येताना सांगायचं ठरवलं होतं. वाटेत विंचू दिसला. विषय बदलला.

२५ ऑगस्ट

जहीरकडे गेलो. म्हणालो, त्या मुन्शीचं तुम्ही म्हणाले तेच निघालं. जहीर म्हणाला, सुई घेतली का? मी म्हणालो, घेतली. त्यानं विचारलं, बायकोले सांगतलं का? मी म्हणालो, त्या मुन्शीला योग्य वेळ मिळत नाही.

जहीरनं हातातला पाना ठेवला. म्हणाला, हरीभाऊ, मी ट्रकवर होतो तवा माह्या पण रक्तात एकदा निघालं होतं. घरी खैरुनले सांगाले मले तीन दिवस लागले. ते तीन दिवस खैरुन अजून मोजते. झालं त्याचं काही म्हणत नाई. तीन दिवसाचं म्हणते.

मी विचारलं, किती वर्षं झाली?

म्हणे, बावीस.

मी मोजलं. अठरा ते पंचवीस. सात.

२६ ऑगस्ट

आज नक्की. सकाळी ती भाजी निवडत होती, समोर बसलो. म्हणालो, अंजना, माणसाच्या आयुष्यात कधी कधी. ती म्हणाली, कधी कधी काय? मी म्हणालो, कधी कधी मीठ जास्त होतं. ती म्हणाली, आज कमी टाकतो.

रात्री भाजी अळणी. खाल्ली.

२७ ऑगस्ट

सांगितलं.

ती दारात बसून तांदळातले खडे वेचत होती. मी खांबाला धरून उभा राहिलो आणि एका दमात बोललो. फळी, नीलाबाई, पुळी, ब्रह्मपुरी, सुई. बिब्याचं मी गाळलं. मग म्हणालो, तुझीही तपासणी करावी लागेल, मी सोबत येतो, लागेल तिथं येतो, घाबरू नको, इलाज सोपा आहे. मला स्वतःचं कौतुक वाटलं. आवाज कापला नाही.

तिनं सूप खाली ठेवलं नाही. म्हणाली, माह्या दोन्ही सुया झाल्या.

मी म्हणालो, कधी?

वीस तारखेले. मूलले. दीपिकासंगं.

मी म्हणालो, रक्तात निघालं?

निघालं, म्हणाली. मले काहीच नवतं. पुळी नाई, ठिपके नाई. तुमी तक्ता धरून उभे होते तवा समजलं मले.

मग कांद्याची पिशवी, वाकडं बसणं, तिनं टीव्हीवरून माझ्याकडे पाहणं, सगळं एकदम डोक्यात आलं. मी तिला चालायला सांगणार होतो.

मी म्हणालो, मला का नाही सांगितलंस?

तिनं एक खडा अंगणात फेकला. म्हणाली, तुमी काऊन नाई सांगतलं? मी वाट पाहून राह्यली होती. वाटलं, एखाद्या दिवशी तरी माणूस तोंड उघडीन. रोज समोर येऊन बसत होते. मी रोज हातातलं काम बाजूला ठेवत होती. तुमी मिठाचं बोलले.

मग सूप हलवून म्हणाली, सिरोंचाचं राहू द्या. ते बाई बरी आहे, तिनं नऊ वेळा फोन केला.

हे तिला कसं कळलं? विचारलं नाही. दीपिका सांगणार नाही, जहीर सांगणार नाही. मग लक्षात आलं. मी आत्ता स्वतःच सांगितलं होतं, एका दमात, नऊसुद्धा.

२८ ऑगस्ट

काही नाही.

३० ऑगस्ट

अंजना बोलते. कामापुरतं. भात झाला. गाय सुटली. फोन वाजून राह्यला.

मुन्शीजी म्हणत नाही. काहीच म्हणत नाही.

दोघांनाही तीन महिन्यांनी पुन्हा रक्त द्यायचं आहे. तिची तारीख २० नोव्हेंबर, माझी १८. संध्याकाळी मी म्हणालो, दोघं मिळून एकाच दिवशी मूललाच जाऊ. मी माझं खरं नाव लिहीन. सगळ्यांसमोर तुझ्यासोबत बाकावर बसेन.

तिनं चुलीतलं लाकूड आत सरकवलं. म्हणाली, मी वीसले दीपिकासंगं जातो. मी माहं नाव पहिल्या दिवशीच लिहिलं. तुमची बस अठराले सातची आहे. डबा बांधून देईन.

मी म्हणालो, डबा दोघांचा बांध, मी वीसलाही येतो.

ती म्हणाली, एकाचाच बांधतो.